विझला की मंद

या, बसा इकडे, सावलीला. गोष्ट सांगतो एक. चहा संपेल तोवर संपणारी नाही, तेव्हा कुठे जायचं असेल तर आत्ताच जा, मध्येच उठून गेलेलं मला चालत नाही. आणि मी हसत सांगतोय म्हणून सगळं हसण्यावारी न्यायचं असंही नाही. तोंडच तसं आहे माझं, त्याला काय करू.

तर एक बत्तीवाला. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. हेडलाइट, हॉर्न, वायपर, खिडकीची मोटार, जे जे बॅटरीवर चालतं ते त्याचं. इंजिन, क्लच, ब्रेक, जे जे तेलात बरबटतं ते त्याच्या मेव्हण्याचं. पत्र्याच्या एकाच शेडमध्ये दोघांचं दुकान, मध्ये भिंत नाही, नुसता एक लांब लाकडी बाक. बाकाच्या या टोकाला बत्तीवाल्याच्या पकडी, टेपची भेंडोळी, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेले बारीक स्क्रू. त्या टोकाला मेव्हण्याचे पाने आणि हातोडे. दोघांचं दिवसभर चालायचं. मेव्हणा म्हणायचा, दाजी, तुमचं काम म्हणजे भुताशी संसार, दिसत काही नाही आणि बिघडतं रोज. बत्तीवाला म्हणायचा, तुला डोळ्यांनी दिसतं तेवढंच कळतं, म्हणून तर तुझ्या बहिणीनं माझ्याशी लग्न केलं, घरात एक तरी डोकं असावं म्हणून. असं. तीस वर्षं हेच, आणि एक दिवस दुकान बंद ठेवलं तर दोघांनाही करमायचं नाही.

आता गाडी कुठली, ते सांगतो. जजसाहेबांची. रिटायर जज, पाठीत पट्टा, हातात काठी, जिभेवर धार. गाडी परदेशी, काळी, लांब नाकाची. आत लाकडाची पट्टी, चामड्याच्या सीटा, मागे बसलं की सोफ्यात बसल्यासारखं. एके काळी रस्त्यानं गेली की माणसं बाजूला होऊन बघायची. पण आता म्हातारी झालेली. आणि म्हाताऱ्या माणसाचं असतं तसंच तिचं, मोठं दुखणं एक नाही आणि कुरबुरी पन्नास. डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. आतला दिवा दार उघडलं की विझायचा आणि बंद केलं की लागायचा. घड्याळ तर कुणाच्या बापाला भीत नव्हतं. दर महिन्याला एक कुरबूर घेऊन ती दुकानात यायची आणि मेव्हणा म्हणायचा, आली बघा तुमची सासू.

ही गाडी चालवायला होती बत्तीवाल्याची लेक. एकुलती एक. तिनं ड्रायव्हरची नोकरी धरली तेव्हा बाप तीन महिने तिच्याशी धड बोलला नाही. मग एक दिवस गुपचूप गाडीखाली शिरला आणि ब्रेकच्या दिव्याच्या वायरी बदलून आला. तेव्हापासून दर आठवड्याला गाडी तपासायचा. स्वतःचं ब्लडप्रेशर कधी तपासलं नाही गड्यानं, पण गाडीची बॅटरी न चुकता. जजसाहेब म्हणायचे, मिस्त्री, गाडी माझी आहे की तुमची? तो म्हणायचा, गाडी तुमची साहेब, आत बसलेली माझी.

त्या दिवसाची गोष्ट. जजसाहेबांच्या थोरल्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घाटापलीकडच्या गावात, तीन-साडेतीन तासांचा रस्ता. दवाखान्यात भेटायची वेळ चार ते पाच. म्हणजे बाराला निघायलाच हवं. आणि नेमकी आदल्या दिवशी मागची डावी खिडकी बसली. अर्धी उघडी. जजसाहेबांना वारा चालत नाही, कान दुखतो. पोरीनं गाडी सकाळी दुकानात सोडली आणि बापाला सांगून गेली, बाबा, खिडकी वर गेली म्हणजे बास, बाकी काही उकरून काढू नका.

बत्तीवाल्यानं बघितलं, खिडकीचा फ्यूज उडालेला. दुसरा लावला, टप्प. तिसरा लावला, टप्प. चौथाही गेला.

फ्यूज म्हणजे काय ठाऊक नसेल तर सांगतो, लाजू नका. घरात एखादा माणूस असतो बघा, भांडण हाताबाहेर जायला लागलं की तो उठून चालता होतो आणि भांडण तिथेच थांबतं. फ्यूज तसा. वायरीतून सोसेल त्यापेक्षा जास्त करंट धावला की आधी तो जळतो आणि वाट बंद करतो. म्हणजे पुढची गाडी जळत नाही. या गाडीचे फ्यूज जुन्या पद्धतीचे, चिनी मातीची कांडी आणि तिच्या अंगावर पत्र्याची बारीक पट्टी. आता कोणी बनवत नाही. दुकानातले होते नव्हते ते संपले.

मग त्यानं आपली जुनी रीत काढली. फ्यूजच्या जागी दोन चिमट्यांनी एक बल्ब लावायचा. वायर कुठे सोलून गाडीच्या पत्र्याला टेकली असेल तर बल्ब भक्क पेटतो. मग एकेक वायर हलवत, दाबत जायचं. जिथे हात लावल्यावर बल्ब विझला, तिथे चोर. यात काही जळत नाही, काही वितळत नाही, घाई मात्र चालत नाही. बत्तीवाला एकेक जागा चाचपत गेला. शेवटी दाराच्या बिजागरीपाशी, जिथे वायरी रबरी नळीतून दारात शिरतात, तिथे हात लावला आणि बल्ब विझला. नळी सुकटासारखी कडक झालेली, आतल्या वायरीचं कातडं घासून गेलेलं. त्यानं वायर नीट गुंडाळली, नळी बदलली, बल्बाकडे नजर टाकली. विझलेला.

"सापडला रे," तो मेव्हण्याला म्हणाला. "आता नुसता फ्यूज आणतो, झालं."

साडेअकरा झाले होते. जुने पार्ट विकणारा एकच माणूस, बाजाराच्या मागच्या अंगाला. बत्तीवाला बल्ब तिथेच लटकता ठेवून पायीच निघाला. तो पार्टवाला म्हणजे बोलघेवडा, एक फ्यूज मागितला की आजोबांपासून सुरुवात. डबे उलटेपालटे करत त्यानं अर्धा तास खाल्ला. बत्तीवाला पाच फ्यूज खिशात घालून घामाघूम होऊन परत आला तर शेडमध्ये गाडी नाही. जमिनीवर तेलाचा डाग आणि बाकावर तो बल्ब, चिमट्यांसकट, नीट ठेवलेला.

आधी त्याला वाटलं, मेव्हण्यानं कुठून तरी फ्यूज पैदा केला. बरंच झालं. त्यानं विचारलं, फ्यूज कुठला मिळाला?

"फ्यूज कशाला?" मेव्हणा एका चाकाशी झटत होता, वर न बघताच म्हणाला. "तिचाच फोन आला ना, डायरेक्ट करा म्हणून. केलं डायरेक्ट."

आता या धंद्यात डायरेक्ट या शब्दाला एकच अर्थ आहे. स्विच चालत नाही, डायरेक्ट करा. फ्यूज राहत नाही, डायरेक्ट करा. म्हणजे मधला राखणदार हाकलायचा आणि तांब्याला तांबं जोडून मोकळं व्हायचं. मेव्हण्यासारख्या तेलातल्या माणसाला तर हा सगळ्या दुखण्यांवरचा एकच काढा.

बत्तीवाल्यानं त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि शांतपणे विचारलं, ती काय म्हणाली, शब्दाला शब्द सांग. मेव्हण्यानं आठवून आठवून सांगितलं. शेजारी ग्राइंडर चालू होता, नीट ऐकू येत नव्हतं. ती म्हणाली, फ्यूज मिळाला नाही तर राहू दे. म्हणाली, गाडी तयार ठेवा. म्हणाली, साहेबांना घेऊन मी घरी न जाता डायरेक्ट... आणि 'येते' हा शब्द तोंडात आला तसा मेव्हण्याचा जबडा तिथेच राहिला. तांबडा माणूस पांढरा झाला.

"काय घातलंस?"

"बॅटरीच्या केबलमधले पदर. दोन. पिळून." मग हळूच म्हणाला, "घट्ट बसावं म्हणून तीन."

तीन पदर म्हणजे काय सांगू तुम्हाला. मुंगीला अडवायला लावलेल्या दाराच्या जागी हत्ती जाईल एवढी वेस. आता काही झालं तर वायर आधी तापणार, मग लाल होणार, मग जे शेजारी असेल ते घेऊन जाणार, आणि ते तीन पदर ढिम्म उभे राहणार.

बत्तीवाल्यानं पोरीला फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. परत लावला. आणि मग त्याला आठवलं की गाडी चालवताना फोन मुका करून पुढच्या पेटीत टाकायचा, ही शपथ त्यानंच तिला घातली होती. घाटातला रस्ता, बोलत चालवशील तर माझं तोंड बघणार नाहीस, असं म्हणाला होता. पोरगी बापाचा शब्द पाळणारी निघाली, नशीब. जजसाहेब तर मोबाईल ठेवतच नाहीत. म्हणतात, जन्मभर लोकांना बोलावून घेतलं, आता कोणाच्या बोलावण्यावर उठायचं नाही.

खाली बसला तो बाकावर. म्हणाला, असू दे. फॉल्ट काढलाय मी. चोर पकडलेला असताना राखणदार नसला तर काय बिघडतं? संध्याकाळी ती परत आली की लावू फ्यूज. मेव्हण्यानं जीव भांड्यात पडल्यासारखा श्वास सोडला. म्हणाला, तेच म्हणतो मी दाजी, फॉल्ट तर काढलाय ना.

आणि इथेच बत्तीवाल्यानं बाकावरचा तो बल्ब उचलला. काढलाय ना?

बल्ब विझला होता. पण कसा बघितला होता? सकाळचे साडेअकरा, शेडच्या तोंडाशी गाडी, बल्बावर थेट ऊन. वायरीतून थोडा थोडा करंट गळत असेल तर बल्ब विझत नाही, मंद होतो. आतली तार नुसती लालसर राहते, विडीच्या टोकासारखी. उन्हात ते दिसत नाही. म्हणून या कामात हाताचा द्रोण करून बल्ब आत धरायचा आणि वाकून बघायचं असतं. हे त्यानं उस्तादाकडून पहिल्याच आठवड्यात शिकलेलं, टाळक्यात टपली खाऊन. तेव्हापासून हजार वेळा केलेलं. आज केलं होतं का? त्यानं डोळे मिटून हात पुढे केले, हात काय सांगतात ते बघायला. हातांना काही आठवेना. रोजचं काम असंच असतं हो. दाराला कडी घातली का, ते माणूस कधी सांगू शकतो का?

त्या फ्यूजवर आणखी काय काय होतं ते तो मोजायला लागला. खिडकी. आतला दिवा. आणि मागच्या सीटखालून जाणारी एक वायर, उजव्या खिडकीला. ती त्यानं बघितलीच नव्हती. सीटखाली काय असतं? स्प्रिंगा, स्पंज, आणि जुन्या गाड्यांत काथ्या. चाळीस वर्षं वाळलेला काथ्या.

"ऊठ," तो म्हणाला. "पिकअप काढ."

दुकानाची पिकअप म्हणजे दिव्याखाली अंधार. हॉर्न बंद, एक इंडिकेटर बंद, लोकांचं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. बत्तीवाल्यानं बल्ब, टेप, पकड, वायरीचं भेंडोळं खिशांत कोंबलं, आणि पाण्याचे दोन कॅन मागे टाकले. ते कॅन टाकताना त्यानं मेव्हण्याकडे बघितलं नाही आणि मेव्हण्यानं त्याच्याकडे. पोरीनं गाडी नेऊन वीस मिनिटं झाली होती.

गावातून निघेपर्यंतच अर्धा जीव गेला. हॉर्न नसल्यामुळे मेव्हणा खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थापा मारत चालला होता, वरातीतल्या ढोलासारख्या, आणि लोक वळून बघून शिव्या देत होते. गाव सुटलं, रस्ता मोकळा झाला. मग मेव्हण्याचं सुरू झालं. माझी चूक झाली, मी विचारायला हवं होतं, मी कधी वायरीला हात लावत नाही, आजच कसा लावला. बत्तीवाल्यानं त्याला बोलून घेतलं, आणि चांगलं घेतलं. देव अक्कल वाटत होता तेव्हा तू पाना शोधत होतास. भाचीचा जीव आहे आत, कळतं का तुला. कानात तेल गेलंय की डोक्यात. मेव्हण्यानं एकाही गोष्टीला उलट उत्तर दिलं नाही. त्यानं बत्तीवाला जास्तच चिडला, कारण सगळा वेळ आतून एक बारीक आवाज विचारत होता, तू द्रोण केला होतास का?

वाटेत एक पेट्रोल पंप लागला. पंपावरच्या माणसाला विचारलं, काळी लांब गाडी, बाई चालवतेय. तो म्हणाला, गेली की, पंधरा मिनिटं झाली, काय गाडी आहे हो, मी हवा तपासायच्या निमित्तानं हात लावून घेतला. मग म्हणाला, मागे म्हातारबाबा मस्त झोपले होते, डाव्या कोपऱ्यात डोकं टेकून.

झोपलेत. पाठीत पट्टा असलेला माणूस, झोपलेला, बरोबर त्या सीटवर. बत्तीवाला पिकअपमध्ये बसला आणि म्हणाला, दाब. मेव्हणा म्हणाला, दाबलाय, आणखी दाबला तर पाय रस्त्याला लागेल.

घाटाच्या अलीकडे एक वळण आहे, तिथून पुढचा बराच रस्ता खाली दिसतो. त्या वळणावर आले आणि दोघांनाही एकदमच दिसलं. लांब, झाडांच्या पलीकडे, धूर. काळा, सरळ वर गेलेला. रबर जळल्यावर येतो तसा. बत्तीवाल्यानं खिशातला बल्ब मुठीत इतका घट्ट धरला की काच फुटायची. तेवढा दीड-दोन मैलांचा रस्ता. त्यात तो काय काय कबूल करत गेला ते त्याचं त्यालाच ठाऊक. पुढच्या वेळी असं करीन, तसं करीन, काम सोडीन, हात तोडून देईन, फक्त ती बाहेर असू दे, फक्त तिनं दार उघडलेलं असू दे.

झाडं संपली. एका शेताच्या बांधावर दोन माणसं काठ्या घेऊन उभी होती, मधोमध जुने टायर आणि कचरा जळत होता. त्यातल्या एकानं हात केला, रामराम केल्यासारखा. मेव्हणा रडायला लागला. गाडी चालवत होता आणि रडत होता. बत्तीवाला म्हणाला, समोर बघ.

आणि त्याच्यापुढे फर्लांगभरावर ती गाडी उभी होती.

रस्त्याच्या कडेला, चारी दारं उघडी, बॉनेट वर, कावळ्यानं पंख पसरावेत तशी. मागची सीट उपसून बाहेर गवतावर टाकलेली. जजसाहेब एका दगडावर रुमाल पसरून बसलेले, काठीवर हनुवटी. पोरगी बॅटरीपाशी उभी, एका हातात बॅटरीची सोडवलेली वायर, ती तिनं सापाचं तोंड धरावं तशी लांब धरलेली. अख्खी. उभी. केस विस्कटलेले, पण अख्खी.

बत्तीवाला उतरला. दाराला धरून उभा राहिला.

झालं असं होतं. घाट जवळ आला तसे जजसाहेब जागे झाले आणि म्हणाले, पोरी, तुझ्या वडिलांना माझ्यातर्फे शाबासकी सांग. सीट गरम करायची सोय केलीय त्यांनी, न सांगता. तासभर पाठीला असं बरं वाटतंय की काय सांगू. पोरगी म्हणाली, हो साहेब. आणि दोन सेकंदांनी तिनं ब्रेक मारला. ओढून बाहेर काढलं त्यांना. ते रागावले, म्हणाले, आत्ता कुठे कळ थांबली होती. तिनं आधी बॅटरी सोडली, मग सीट उपसली.

सीटच्या खाली तळहाताएवढा काथ्या करपून काळा झालेला. मधोमध बोट जाईल एवढं भोक, त्याच्या कडा अजून तांबूस. वायरीचं कातडं वितळून स्प्रिंगेला चिकटलेलं. जजसाहेब बसले की स्प्रिंग दबायची आणि वायर तिला जास्त टेकायची. साधा फ्यूज असता तर ते बसताक्षणीच टप्प उडाला असता आणि गाडी खिडकी उघडी ठेवून सुखानं गेली असती. आणखी दहा मिनिटं, की काथ्या पेटलाच असता. सगळे त्या भोकाकडे बघत राहिले.

मेव्हणा पुढे झाला, भाचीसमोर मान खाली घालून म्हणाला, मी केलं हे. मी डायरेक्ट केलं. पोरीनं त्याच्याकडे बघितलं, मग बापाकडे. ती बापाची लेक, तिला बल्बाची रीत ठाऊक.

"बाबा, बल्ब पुरता विझला होता?"

बत्तीवाल्याला सोपं होतं. हो म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? मेव्हणा तर सगळं अंगावर घ्यायला तयारच होता. बत्तीवाला खाली बसला, करपलेल्या काथ्याला हात लावला, म्हणाला, "उन्हात बघितला मी. हात धरला नाही. मामाला ओरडू नकोस, मीच सांगितलं त्याला फॉल्ट काढला म्हणून."

जजसाहेब दगडावरून म्हणाले, दोघांनीही गुन्हा कबूल केलाय, मला आता करण्यासारखं काही उरलं नाही. माझी बहीण चारला वाट बघतेय. मग ठरलं ते असं की पोरगी साहेबांना पिकअपमधून घेऊन जाईल आणि हे दोघं गाडीपाशी थांबून काम उरकतील. जजसाहेब पिकअपमध्ये चढले, तिथली फाटकी सीट हातानं चाचपून बघितली, म्हणाले, ही थंड आहे ना, मिस्त्री? कोणी हसलं नाही, मग त्यांचे तेच हसले. पोरगी जाताना बापाच्या खांद्याला हात लावून गेली. फोन तेवढा पेटीत न टाकता खिशात ठेवला.

पिकअप गेली. दुपार टळून गेलेली, वर आंब्याची दाट सावली. बत्तीवाल्यानं ते तीन पदर काढून मेव्हण्याच्या हातात दिले, मेव्हण्यानं ते लांब भिरकावले. जळलेली वायर कापली, नवी ओढली, सीटच्या स्प्रिंगांपासून लांब बांधली. बॅटरी जोडली. आणि फ्यूजच्या जागी परत तो बल्ब लावला. आता घाई नव्हती. ऊन नव्हतं. बत्तीवाल्यानं दोन्ही हातांचा द्रोण केला, बल्ब आत घेतला, नाक टेकेल इतका वाकला आणि बघत राहिला. उस्तादानं शिकवलं तसं, पोटभर वेळ घेऊन.

"विझलाय," तो म्हणाला. "पूर्ण विझलाय."

मेव्हणा त्याच्या खांद्यावरून डोकावत होता. मग अगदी हळू आवाजात, एरवी कधी बोलत नाही तशा आवाजात म्हणाला, "दाजी, तार लाल आहे."

बत्तीवाल्यानं परत बघितलं. डोळे चोळले, परत बघितलं. द्रोण आणखी घट्ट केला. त्याला काळोखाशिवाय काही दिसलं नाही.

म्हणजे सकाळी हात धरला होता की नव्हता, त्यानं काही फरक पडणार नव्हता. कदाचित धरलाही असेल. किती दिवसांपासून धरत असेल आणि विझलाय म्हणत असेल. किती गाड्या गेल्या असतील. तो तसाच वाकून राहिला, हात बल्बाभोवती, आणि मेव्हणा तसाच त्याच्या मागे. मग मेव्हणा खाली बसला, तेलकट हात पँटला पुसले, म्हणाला, तुम्ही वायर हलवा, मी बघतो. बत्तीवाला एकेक वायर हलवत गेला. मेव्हणा द्रोणात डोळा घालून सांगत गेला, आहे, आहे, अजून आहे. उजव्या दाराच्या बिजागरीपाशी आले तेव्हा म्हणाला, गेली. मग परत बघून म्हणाला, गेली दाजी, आता खरंच गेली. तिथलीही नळी फाटलेली होती. ती गुंडाळली आणि मग कुठे फ्यूज लावला. राहिला.

तीस वर्षं बहीण आणि दाजी दोघांनाही टोमणे मारायची एक संधी न सोडणारा माणूस, पण ही गोष्ट त्यानं घरी सांगितली नाही. बत्तीवाल्यानं स्वतःच सांगितली, आठवड्यानं, जेवताना. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. औषध चालू आहे, थोडा फरक आहे, सगळा पडणार नाही म्हणतात. दुकान सोडलं नाही. बाकी सगळं हातांना येतंच त्याच्या, फक्त तेवढं एक येत नाही. मेव्हणा असला तर तो बघतो. पण मेव्हणा कधी गाडीखाली असतो, कधी पार्ट आणायला गेलेला असतो, आणि मग बत्तीवाला हाताचा द्रोण करून रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतो, जरा बघता का म्हणून. लोक हसतात. कोणाला वाटतं काहीतरी विकतोय, कोणी घाईत असतं, कोणी नुसतं मान हलवून 'विझलाय विझलाय' म्हणून पुढे जातं.

तुम्ही त्या रस्त्यानं गेलात आणि त्यानं हाक मारली, तर थांबा जरा. वाका. नीट बघा. आणि नक्की कळलं नाही, तर कळलं नाही असं सांगा त्याला, एवढं करा.